उन्हानं खाल्लेलं प्लॅस्टिक

चैत्र सरत आला की आम्हा वऱ्हाडातल्या बायकांचं उन्हाशी मोठं विचित्र नातं होऊन बसतं. दुपारी डोक्यावर पदर ओढून ‘मायबाई, काय हे ऊन!’ म्हणायचं, आणि गव्हाचा चीक तयार असताना जरा आभाळ आलं, की त्याच उन्हाची वाट पाहत गच्चीच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या! तसं आमच्या केनवडला, रिसोड तालुक्यात, एप्रिल-मे महिन्यांत उन्हाची टंचाई नसतेच. कुरडया, पापड, सरगुंडे, मूगवड्या, सगळं त्याच्याच जिवावर. गाद्या-उशांना, डाळींना, लोणच्याच्या बरण्यांना ऊन दाखवायचं, ही तर आपल्या आज्यांची शिकवण. फक्त आजीच्या घरात प्लॅस्टिक नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या गच्चीवर एक नजर टाका बरं. कपड्यांची दोरी प्लॅस्टिकची, चिमटे प्लॅस्टिकचे, पाण्याची टाकी, तुळशीशेजारच्या दोन कुंड्या, बादली, वाळवणाचा कागद, सगळं तेच. नवी दोरी कशी गुळगुळीत असते! पण वर्ष पुरं व्हायच्या आत तिला बारीक कुसं सुटतात आणि कपडे काढताना बोटांना टोचतात. चिमटा दाबावा तर हातातच कट्‌कन मोडतो. मग आपण दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो, ‘मेल्यानं हलका माल दिला!’ त्यात तथ्य असतं, पण अर्धंच. त्याच डझनातले चार चिमटे फडताळात राहिलेले असतील, तर काढून पाहा. ते अजून नव्यासारखे लवचीक असतात. बादलीचंही तसंच. उन्हाकडची बाजू फिकट पडून तिला चिरा जातात, आणि सावलीकडची बाजू मात्र दुकानातून आणली तशी लालचुटुक!

मी बी. ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण मोडलेला चिमटा पर्समध्ये घालून शाळेत नेला आणि शास्त्राच्या सरांपुढे ठेवला. मधल्या सुट्टीत त्यांनी सांगितलं, आणि पुढे मी वाचलं, ते असं.

उन्हात उजेड असतो, ऊब असते आणि तिसरे असतात अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा शेकडा पाचच्या आसपास. त्यांतले सर्वांत घातक किरण ओझोनचा थर वरच अडवतो, पण उरलेले प्लॅस्टिकला पुरून उरतात. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, एकेका साखळीला हजारो कड्या. किरणांनी एखादी कडी दुखावली की हवेतला ऑक्सिजन तिथं शिरतो, आणि तो बिघाड शेजारच्या कडीला लागतो. आपण शेंगदाण्याचं तेल उन्हात राहू देत नाही, कारण ते खवट होतं. साधारण तीच गोष्ट इथं घडते. प्लॅस्टिक खवट होतं म्हणा ना! त्यात आपल्याकडचा उन्हाळा, म्हणजे उष्णतेनं काम आणखी वेगात. साखळ्या लांब असतात तोवर वस्तू वाकते; त्या आखूड झाल्या की वाकायच्या ऐवजी तुटते. हात लावला की पांढरी भुकटी लागते ना, ती त्या मोडलेल्या साखळ्यांचीच.

सगळी प्लॅस्टिकं मात्र सारखी हळवी नाहीत. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली पॉलीप्रॉपिलीन तयार केलं. या क्षेत्रातल्या कामासाठी १९६३ चं नोबेल त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांना मिळून मिळालं. हलकं, स्वस्त, उकळत्या पाण्यालाही न डगमगणारं असं हे प्लॅस्टिक. पण उन्हापुढे अगदी नाजूक! आपले चिमटे, पुष्कळशा दोऱ्या आणि खताची विणलेली पोती याचीच असतात. खताचं रिकामं पोतं दोन उन्हाळे बाहेर राहिलं की त्याच्या सुतळ्या-सुतळ्या होऊन अंगणभर उडतात, ते त्यामुळेच.

हे सगळं मी चिमट्यापुरतंच धरून बसले नसते, पण गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या काकूंच्या बाबतीत जे झालं ते मनाला लागलं. काकू कुरडया करून विकतात. त्यावरच त्यांच्या मुलीच्या कॉलेजची फी निघते. अकोल्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी दोन किलोचं पुडकं परत पाठवलं. कुरडईला खालून निळ्या कागदाचे नखाएवढे कपचे चिकटलेले होते! काकूंचा कागद तिसऱ्या उन्हाळ्याचा. वरून चांगला दिसे, पण घडीच्या रेघांवर त्याचा भुगा होत होता. घडीवर आधीच ताण पडलेला असतो, म्हणून तो तिथंच आधी फुटतो. काकू बिचाऱ्या रात्री कंदिलासारखा बल्ब खाली ओढून उरलेली प्रत्येक कुरडई उलटून पाहत बसल्या होत्या. दिसणारा तुकडा काढता येतो हो, पण न दिसणाऱ्याचं काय?

घरी येऊन मी आमचा कागद झटकला, तर त्याचीही तीच गत होऊ घातलेली. मी तो बाजूला टाकताच सासूबाई म्हणाल्या, ‘चांगला तं आहे कागद, काहून फेकतं वं?’ त्यांच्यासमोर कागदाची घडी चिमटीत धरून दाबली. ती फाटली नाही, मोडली. त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं आपणच पेटीतलं जुनं सुती लुगडं काढून आणलं. पूर्वी कुरडया त्यावरच घालत. चिकटतात, हे खरं. प्लॅस्टिक घरात शिरलं तेच त्यामुळे. पण लुगडं उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला की सोडवता येतात, आणि मग त्यांना पुन्हा एक ऊन द्यायचं. काम वाढतं, नाही म्हणत नाही. आता काकूंनीही तेच धरलं आहे. निदान ओला चीक तरी प्लॅस्टिकवर नको, एवढं मी सगळ्यांनाच सांगते.

मग टाकी कशी टिकते, असं तुम्ही विचाराल. तिचं रहस्य तर आपल्या ओळखीचं आहे, काजळ! काळ्या टाकीच्या प्लॅस्टिकमध्ये शेकडा दोनच्या आसपास बारीक काजळी मिसळलेली असते. ती अतिनील किरण स्वतःच पिऊन टाकते, साखळ्यांपर्यंत पोचू देत नाही. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याही याचसाठी. किरणांचं रूपांतर उष्णतेत होतं, म्हणून मे महिन्यात दुपारी नळाला चहाचं पाणी येतं, ते सोसायचं. बाळाला अंघोळ घालण्याआधी हात बुडवून पाहा म्हणजे झालं. टाकी घेताना आय. एस. १२७०१ हा आकडा आणि आय. एस. आय.चं चिन्ह पाहून घ्यावं. ताडपत्री घेताना ‘यू. व्ही.ची आहे का?’ असं स्पष्ट विचारावं. उन्हाला तोंड देणारं रसायन त्यात घातलेलं असतं. पण तेही हळूहळू संपतं, म्हणून सोयाबीनची सुडी झाकून झाली की ताडपत्री सावलीत गुंडाळून ठेवावी, घडी घालू नये. चिमटे कपड्यांबरोबरच खाली आणावेत. आमच्याकडे जुन्या पँटच्या खिशाची पिशवी दोरीलाच टांगलेली आहे. कपडे काढले की पिशवीसकट घरात.

काहीजणी म्हणतात, ‘उन्हानं प्लॅस्टिक विरून जातं तर बरंच की!’ विरत नाही हो. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी बाभळीच्या काट्यांना त्यांच्या चिंध्या दिसतातच. चिंधीचे कण होतात, कणांचे आणखी बारीक कण, आणि ते मातीत, नाल्यात जातात. रिचर्ड थॉम्पसन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली समुद्रकाठच्या वाळूत असे कण दाखवून दिले, आणि तेव्हापासून ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द रूढ झाला. तूर पेरताना हातात येणारी माती कुणा एकीची नाही.

म्हणून वस्तू धड असतानाच भंगारात द्यावी. चुलीत तर मुळीच घालू नये, धूर विषारी असतो. आमच्याकडे येणारा भंगारवाला हुशार आहे. टब आधी गुडघ्यावर दाबून पाहतो. वाकला तर काट्यावर घेतो, कड्‌कन वाजला तर ‘हा मातीत गेला, बाई,’ म्हणून परत आपल्याच दारात ठेवून जातो.