अवघड गणिताचं टेबल

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला शेकडो मुलं बसतात. प्रोफेसरांचं लेक्चर, जोडीला पीएच.डी. करणाऱ्या एखाद्याने घेतलेला तास, आणि बाकी ज्याचं त्याने बघायचं. या कोर्सला जोडून काही विद्यापीठांत ‘इमर्जिंग स्कॉलर्स’ नावाचा वर्ग चालतो. पीएच.डी.साठी पुण्याहून इथे आले तेव्हा असा एक वर्ग माझ्याकडे सोपवला गेला, आणि पुढे तेच माझं काम झालं. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. एकेका टेबलाभोवती चार-पाच मुलं, मधे वर्कशीट. मी खडू हातात घ्यायचा नाही, असा नियम.

या वर्गाचं मूळ बर्कलीत आहे. 1970च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या त्या आवारात युरी ट्रीझमन नावाचा एक तरुण गणितात पीएच.डी. करत होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत होती, आणि त्यांत आपापल्या शाळेत चमकलेली मुलंही होती. प्राध्यापकांना कारण विचारलं की ठरलेली उत्तरं यायची: जिद्द नाही, पाया कच्चा, घरची परिस्थिती बेताची, आईवडिलांचं लक्ष नाही. ट्रीझमननी ती उत्तरं तशीच स्वीकारली नाहीत. त्यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्या वसतिगृहांत, ग्रंथालयांत, घरी जाऊन पाहिलं.

दिसलं ते असं. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, सांगितलेला अभ्यास नेमाने करत होती, पण एकेकटी. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. चिनी मुलंही आधी एकटी बसत, पण नंतर एकत्र जमत, एकमेकांच्या वह्या तपासत, जुने पेपर सोडवत. एखादं गणित कुणालाच आलं नाही तर ते गणितच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या बसलेल्या मुलाला वाटायचं, अवघड आपल्यालाच जातंय. मला या सगळ्या संशोधनातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. हा गैरसमज कुठल्याही शिकवणीने दूर होत नाही, तो फक्त दुसऱ्याला अडलेलं पाहून दूर होतो.

या निरीक्षणातून ट्रीझमननी जो वर्ग उभा केला त्याला तर्कशास्त्रातले नामवंत गणिती लिऑन हेन्किन यांचं पाठबळ होतं. हेन्किन गणित विभागातल्या ज्येष्ठांपैकी. संधी नाकारल्या गेलेल्या मुलांना गणितात आणण्यासाठी त्यांनी अनेक वर्षं खर्च केली. या वर्गाला ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ म्हणायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ऑनर्सच्या तोडीची गणितं द्यायची, नेहमीच्या कोर्सपेक्षा अवघड. रॉबर्ट फुलिलव आणि ट्रीझमन यांचा या वर्गाच्या मूल्यमापनावरचा लेख 1990 साली आला. 1992 मध्ये ‘कॉलेज मॅथेमॅटिक्स जर्नल’मध्ये ट्रीझमनचा ‘स्टडीइंग स्टुडंट्स स्टडीइंग कॅल्क्युलस’ छापून आला. वर्गात येणारी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं वर्गाबाहेरच्या गोऱ्या आणि आशियाई मुलांपेक्षाही सरस ठरली होती.

आता माझ्या कामाबद्दल. त्यातला निम्म्याहून जास्त भाग वर्ग सुरू होण्याआधीच संपतो, वर्कशीट बनवण्यात. पाठ्यपुस्तकातली गणितं इथे उपयोगाची नाहीत, ती एकट्याने सुटतात आणि टेबलावर कुणीच कुणाशी बोलत नाही. गणित असं हवं की पहिली ओळ प्रत्येकाला लिहिता यावी आणि तिसऱ्या ओळीवर सगळे अडावेत. हे जमवणं कठीण आहे.

माझं एक आवडतं उदाहरण सांगते. य = क्ष⁴ − 2क्ष² − क्ष या वक्राला दोन ठिकाणी स्पर्श करणारी एकच सरळ रेषा शोधा. कॅल्क्युलस शिकलेलं मूल लगेच डेरिव्हेटिव्ह काढतं, स्पर्शबिंदूंना अ आणि ब म्हणतं, दोन्हीकडचे चढ सारखे मांडतं. अ² + अब + ब² = 1 इथपर्यंत सगळे येतात आणि तिथे गाडं अडतं.

एकदा एका टेबलावर एक मुलगा पानंच्या पानं बीजगणित करत होता. समोरच्या मुलीने शेवटच्या ‘वजा क्ष’वर अंगठा ठेवला आणि म्हणाली, “हा नसता तर सोपं होतं.” तिसरा म्हणाला, “पण आहे ना.” आणि ती गप्प बसली. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हेच माझं काम असतं, पण तिचा धागा तुटणार असं दिसलं म्हणून मी एवढंच विचारलं, “नसता तर काय झालं असतं?” तिने आकृती काढली: डब्ल्यूसारखा वक्र, दोन तळ, एक 1वर आणि दुसरा −1वर, दोन्ही सारख्याच खोलीवर. य = −1 ही आडवी रेषा दोन्ही तळांना टेकते. मग बीजगणित करणारा मुलगा मान वर करून म्हणाला, “मग दोन्हीकडून क्ष वजा करूया!” रेषा मिळाली: य = −1 − क्ष.

लगेच कुणीतरी विचारलं, “हे चालतं का?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर आहे का?” या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणत नाही. “तुम्हाला कधी खात्री वाटेल?” असं विचारते. पुढचा बराच वेळ त्यातच गेला. वक्र आणि रेषा यांच्यातलं अंतर क्ष वजा केल्याने बदलत नाही, आणि ते अंतर म्हणजे (क्ष² − 1)², म्हणून रेषा वक्राला छेदत नाही, टेकते, हे त्यांनी आपलं आपण मांडलं. त्या मुलाने मात्र हट्टाने आपलं बीजगणितही पूर्ण केलं आणि ब = −अ असं काढून त्याच रेषेवर आला. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिल्या गेल्या. टेबलावर दोघांचाही मान राहिला, आणि त्या सत्रात मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

हल्ली अनेक विद्यापीठांनी गोल टेबलं मांडली आहेत, फळे भिंतभर लावले आहेत, आणि नाव दिलंय ‘सपोर्ट’. आत डोकावलं तर मुलं गृहपाठ करत असतात आणि मदतनीस उत्तरं सांगत फिरत असतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. टेबलं घेतली आणि गणितं सोडून दिली. अवघड गणित समोर ठेवणं म्हणजे ‘तू हे करू शकतोस’ असं शब्दांत न सांगता कळवणं. सोपी वर्कशीट मिळालेल्या मुलाला आपल्याबद्दल काय ठरवलं गेलंय हे पहिल्या पानावरच समजतं.

हा विश्वास मी इथे येऊन शिकले असं मात्र नाही. बी.एस्सी.ला असताना मी ‘एमटीटीएस’च्या उन्हाळी शिबिराला गेले होते. मुंबई विद्यापीठात असताना प्रा. एस. कुमारेसन यांनी 1993 साली सुरू केलेला, नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सच्या मदतीने उभा राहिलेला हा चार आठवड्यांचा कार्यक्रम. तिथे लेक्चर देऊन मोकळं होत नाहीत. प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. व्याख्या पाठ होती पण उदाहरण देता येत नव्हतं, अशी आमच्यातली कितीतरी मुलं होती. लहान गावांतल्या कॉलेजांतून आलेली मुलं तिथे फळ्यापाशी उभी राहून पुण्या-मुंबईच्या मुलांशी वाद घालायची. बर्कलीचं नावही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आता माझा बराचसा वेळ नव्या मदतनीसांना तयार करण्यात जातो. बहुतेक जण हुशार पीएच.डी.चे विद्यार्थी असतात आणि हुशार माणसाला थांबवत नाही. त्यांना मी सत्राआधी वर्कशीट स्वतः सोडवायला लावते, आणि उत्तराची वही न घेता दुसरी एक मागते: कुठे अडलात, किती वेळ अडलात, कशाने सुटलं, एवढंच लिहिलेली. सत्राला जाताना त्यांच्या हातात तीच वही असते.