रात्रभर थांबलेलं कार्ड

रोह्याच्या आमच्या घरात पोस्टकार्डाचा एक नियम होता. रात्री लिहिलेलं कार्ड रात्रीच पेटीत टाकायचं नाही. पेणची आत्या काही लांब नव्हती, नागोठणं-वडखळ करत एस.टी. जायची. तरी वाटणीचा विषय निघाला की वडील कार्डच लिहीत. सकाळी चहा घेताना ते पुन्हा वाचत आणि पुष्कळदा नवं लिहायला घेत. कार्ड उघडं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचणार. शिवाय जागा एवढीशी की टोमण्यात दोन ओळी गेल्या तर खुशाली विचारायची राहून जायची.

पुढे इनलँड आलं, मग एसटीडी बूथ. तिथे समोरचा मीटरच बोलणं आवरतं घ्यायला लावी. आता अडवणारं काहीच उरलेलं नाही. रागाची आणि उत्तराची वेळ एकच झाली आहे.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा मला या बाबतीत फार जवळचे वाटतात. तरुणपणी ते कविता करत आणि मनासारखी उतरली की अग्नीला देत. काशीत असताना गंगेला देत. लिहिलेलं सगळं लोकांपुढे यायलाच हवं, असं त्यांना वाटलं नाही. पण १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी ते गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते टिपून घेतलं आणि 'गीता प्रवचने' घराघरांत गेली.

त्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, १ जुलै २०१८ रोजी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेवर जगणारे डवरी गोसावी होते ते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्याआधी मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. जे भान माणसानं ठेवायचं, ते यंत्रात बसवावं लागलं.

तरी मौनाची सरसकट थोरवी मी गाणार नाही. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचं मौन घेतलं आणि त्यातच आणीबाणी आली. जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले. मौनातच विनोबांनी लिहिलेले 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारनं आपल्या प्रचाराला वापरले. ज्या माणसावर माझा इतका जीव, त्यानं तेव्हा मौन सोडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आपला अहंकार, आपला राग आवरणं हा संयम. दुसऱ्यावर अन्याय होत असताना गप्प राहणं, याला मी संयम म्हणत नाही.

आमच्या भावकीच्या ग्रुपवर वाटणीचा वाद आता पुढच्या पिढीत चालू आहे. त्यावरचं उत्तर मी रात्री लिहिते आणि पाठवत नाही. मध्यंतरी मात्र त्याच ग्रुपवर पेणच्या बाजारात मुलं पळवणाऱ्या बायका आल्याचा मजकूर पडला. मी तिथल्या तिथे विचारलं, कुणी पाहिलं? कुठे? वडीलधारी मंडळी नाराज झाली. आतेबहिणीनं मजकूर काढून टाकला आणि मला फोन केला. बोलता बोलता वाटणीचाही विषय निघाला. तो अजून मिटलेला नाही.