बदलापूरची पालिओ : पन्नाशी न गाठलेल्या एका गाडीचा इतिहास

बदलापूर या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. शिवकाळात कोकण आणि गुजरातेकडे जाणाऱ्या वाटेवर येथे थकलेले घोडे बदलून ताजे घेतले जात, म्हणून हे बदलापूर. ही लोकसमजूत आहे, शिलालेखाचा पुरावा नव्हे. पुढे जे सांगायचे आहे ते मात्र याच गावातल्या एका माणसाचे, ज्याने आपला घोडा बदलण्यास नकार दिला.

त्याची गाडी फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स, २००२ सालची. पालिओ हे नावही घोड्यांचेच आहे. इटलीतील सिएना शहराच्या चौकात दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला जी घोड्यांची शर्यत होते, ती ‘पालिओ’. तीत स्वार खोगिराविना बसतो, आणि तो वाटेत पडला तरी एकटा घोडाही शर्यत जिंकू शकतो. फियाटने याच कुळातील चारदारी गाडीला ‘सिएना’ हे नाव दिले, हेही ओघाने आले.

या गाडीला क्रीडामोटार म्हणावे का, यावर वाद होईल. दोन आसनांची, उघड्या टपाची खरीखुरी क्रीडामोटार आपल्या भागात एकदाच मनापासून तयार झाली. गोव्यातील वेर्णे येथे गेल्या शतकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ बनली. तिचे अंग फायबरग्लासचे, एंजिन रेनॉचे, ११४९ घनसेंमीचे आणि शक्ती साठ अश्वशक्तीच्या आसपास. रूप क्रीडामोटारीचे आणि काळीज हॅचबॅकचे! पालिओचे नेमके उलट होते. बाहेरून ती भाजी आणायला निघालेली घरगुती गाडी दिसे. आत १५९६ घनसेंमीचे, सोळा व्हॉल्व्हचे, १०० अश्वशक्तीचे एंजिन. त्या वेळी या आकाराच्या गाड्यांत एवढी ताकद आपल्याकडे दुर्मीळ होती. तिची किंमतही मोजावी लागे. शहरात ती लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाई, आणि मायलेज हा ज्या देशात मोटारीबद्दलचा पहिला प्रश्न असतो, तेथे एवढे कारण पुरेसे होते. लोकांनी तिचे कौतुक केले आणि दुसरी गाडी घेतली.

पालिओची जाहिरात सचिन तेंडुलकर करत असे, हे त्या काळच्या मुलांना पाठ होते. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे त्याने एकोणतिसावे कसोटी शतक झळकावून ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, आणि सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या वेळी ती मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला मिळाली. ती गाडी आज जगभर ‘आधुनिक अभिजात’ म्हणून संग्राहक शोधत असतात. आपल्याकडे तिची कीर्ती झाली ती आयातशुल्कामुळे. सुमारे १ कोटी १३ लाखांचे शुल्क सरकारने माफ केले, गदारोळ उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. २०११ मध्ये सचिनने गाडी विकली. मराठी माणसाच्या मालकीच्या सर्वांत प्रसिद्ध क्रीडामोटारीचा इतिहास असा रस्त्यापेक्षा कागदावरच अधिक घडला.

बदलापूरच्या त्या गृहस्थाला फेरारीचे आकर्षण नव्हते. त्याचे कारण घरातच होते. त्याचे वडील अंबरनाथहून रोज लोकलने कुर्ल्याला मोटारीच्या कारखान्यात कामाला जात.

कुर्ल्याच्या त्या कारखान्याची वंशावळ इतिहासप्रेमींनी ध्यानात ठेवावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आधी क्रायस्लर कुळातील अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग पन्नासच्या दशकात फियाटशी करार, मग अकराशे, डिलाइट आणि १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’. नव्वदच्या दशकात याच घराण्याने कल्याण-शिळ रस्त्यावरील कारखान्यात फ्रेंच प्यूजोबरोबर ‘३०९’ ही गाडी काढली. म्हणजे कल्याणच्या उंबरठ्यावर युरोपीय मोटार तयार होत होती! कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संघर्षात तो संसार १९९७ च्या सुमारास मोडला. कुर्ल्याची जागा फियाटच्या स्वतःच्या कंपनीकडे आली. तेथे युनो, सिएना आणि पालिओ बनल्या. पुढे २००७ नंतर फियाटचे उत्पादन टाटांच्या भागीदारीत पुण्याजवळच्या रांजणगावला गेले आणि कुर्ला मोटारीपुरते शांत झाले. बदलापूर-कुर्ला या लोहमार्गावर डबा हातात घेऊन उभे राहणाऱ्या किती पिढ्यांची ही गोष्ट आहे! त्यांनी हजारो मोटारी जोडल्या. स्वतःची मोटार मात्र थोड्यांनाच परवडली.

मुलाने २०१२ मध्ये गाडी घेतली तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि किंमत एका बऱ्या मोटारसायकलीएवढी. वडिलांना दाखवायला ती अंबरनाथला नेली. ते रंगकाम विभागात होते. त्यांनी बॉनेटवर नजर तिरपी टाकली, दोन पत्र्यांमधल्या फटीवरून नख फिरवले आणि म्हणाले, “हे झाकण नंतर रंगवलंय. आमच्याकडचं काम नाही हे.” विक्रेत्याने जे सांगितले नव्हते, ते अर्ध्या मिनिटात उघड झाले. मुलाला मात्र वाईट वाटले नाही. ‘आमच्याकडचं’ हा शब्द निवृत्तीनंतर वडिलांच्या तोंडून त्याने प्रथमच ऐकला होता.

अशी गाडी बाळगणे म्हणजे तिच्या सुट्या भागांचा भूगोल पाठ करणे. नवा भाग मिळत नाही. जुना मिळतो तो कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर, भंगारातून. उरलेले उल्हासनगरला करून घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी वसवलेल्या ‘कल्याण कॅम्प’च्या बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासित राहिले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व मागे टाकून आलेल्यांनी समोर दिसेल ती वस्तू बनवायला शिकून हे शहर उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद लोक हेटाळणीने करतात. जुनी गाडी बाळगणारा तो कृतज्ञतेने करतो. दाराचे रबर, बंपरची कडी, दिव्याची काच : नमुना हातात दिला की चार दिवसांत जोड तयार. या कामाचा दर्जा नेहमीच चांगला असतो असे नाही, पण नकार ऐकावा लागत नाही.

२७ जुलै २०१९. उल्हास नदीने पात्र सोडले. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच पहाटे बदलापूर पश्चिमेच्या एका इमारतीखाली उभी असलेली पालिओ डॅशबोर्डपर्यंत बुडाली.

पाणी ओसरले तेव्हा आसनांवर बोटभर गाळ होता. विमा कंपनीच्या लेखी गाडीची किंमत इतकी थोडी होती की दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नव्हता : रक्कम घ्या, सांगाडा द्या. खरी अडचण घरात आली. वडील म्हणाले, “देऊन टाक. गाडी म्हणजे भांडं. फुटलं की मोडीत.”

“बाबा, तुम्ही बनवलेली आहे ही.”

“मी हजारो बनवल्या. कुठलीही घरी आणली नाही.”

या उत्तराला खोडून काढणे सोपे नाही. जतनाचा ध्यास बहुधा पुढच्या पिढीला लागतो. ज्याने वस्तू घडवली, त्याला ती बदलण्याजोगीच दिसते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० मध्ये पूर्ण झाले. ते घडवणाऱ्या पाथरवटांना आपल्या छिन्नीच्या खुणा कोणी जपाव्यात असे वाटले असेल का? मुलाचा हट्ट निव्वळ भावुक होता, असे कोणी म्हटले तर तो आक्षेप अर्धा तरी मान्य करावा लागेल. पैसे संसाराचे होते आणि बायकोने ते स्पष्ट सुनावलेही.

त्याने विमा सोडला, गाडी ठेवली. उल्हासनगरच्या गॅरेजात ती चौदा महिने होती. त्यांतले काही महिने टाळेबंदीत गेले. एंजिन उघडून धुतले. गालिचे, आसने, वायरिंग सारे बाहेर काढले. सर्वांत अवघड ठरला तो एंजिनाचा संगणक. सीएसटी रस्त्यावर मिळालेली पेटी गाडीच्या किल्लीला ओळखेना, आणि ती ओळख करून देणारा कारागीर सापडायलाच दोन महिने लागले. या वयाच्या गाड्यांचे हेच दुखणे आहे. पद्मिनी हातोडी-पान्याने चालू होते. पालिओला हातोडी-पान्याबरोबर संकेतांकही लागतो.

कायदाही तिच्या बाजूचा नाही. केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली; पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात, पण त्यासाठी गाडीने पन्नाशी ओलांडलेली हवी. वीस वर्षांची गाडी कायद्याच्या दृष्टीने अभिजात नसते, फक्त जुनी असते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले. पर्यावरण कर वेगळा.

त्याच वर्षी पालिओची नोंदणी दुसऱ्यांदा नूतनीकरणाला आली. एमएच-०५, म्हणजे कल्याण. वडील बरोबर आले. का, ते त्यांनी सांगितले नाही. तपासणीच्या वेळी चासीचा क्रमांक दाखवायला सांगण्यात आले. मुलगा बॉनेट उघडून, वाकून, टॉर्च लावून शोधू लागला. पुरानंतर ती सारी जागा पुन्हा रंगवली होती आणि त्याला काही सापडेना.

वडिलांनी त्याला हाताने बाजूला केले. चालकाचे दार उघडले, गुडघ्यावर कष्टाने टेकले, आसनाशेजारच्या गालिच्याची कड उचलली आणि अंगठ्याने गाळाचा उरलेला पापुद्रा पुसून काढला. मग पेन्सिल मागितली, कागद त्या जागेवर धरला आणि पत्र्यात ठोकलेले एकेक अक्षर कागदावर उमटेपर्यंत ती घासत राहिले.