उंटावर मावेल तेवढं

मुर्गाब आणि तेजेन या दोन नद्या अफगाणिस्तानातल्या डोंगरांत उगम पावतात, उत्तरेकडे तुर्कमेनिस्तानात उतरतात आणि कुठल्याही समुद्राला न मिळता काराकुमच्या वाळूत संपून जातात. शेवटी शेवटी त्यांना फाटे फुटत जातात. प्रत्येक फाट्याच्या काठाने थोडी शेतं, मग झाऊची झुडपं, मग नुसती वाळू. नकाशावरची ती निळी टोकं पाहिली की मला वाटतं, तुर्कमेन लोकांची गोष्ट राजांपासून सांगू नये, या टोकांपासून सांगावी.

काराकुम साधारण साडेतीन लाख चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिणेला कोपेतदागच्या डोंगरांची रांग, तिच्या पायथ्याला झऱ्यांवर आणि भुयारी पाटांवर जगणारा आखालचा चिंचोळा पट्टा. पूर्वेला अमू दर्या. आणि मधे या दोन मरणाऱ्या नद्या. माणसाला जगता येईल अशी जमीन एवढीच. पाण्याचा थेंब म्हणजे सोन्याचा कण, ही तुर्कमेनी म्हण शोभेसाठी घडलेली नाही. जुन्या काळी टेके टोळीत जमिनीची आणि पाण्याची वाटणी दर वर्षी नव्याने होई आणि वाटा मिळे तो लग्न झालेल्या पुरुषाला. साहजिकच लोक पोरांची लग्नं लवकर उरकत. एकाच कुळात शेती करणारे ‘चोमूर’ आणि कळपांमागे फिरणारे ‘चारवा’ असत. दुष्काळात मेंढ्या मेल्या की चारवा पाटाकाठी येऊन चोमूर होई. कळप पुन्हा वाढला की निघाला वाळवंटात.

इथे शहरंसुद्धा चालत गेलेली दिसतात. आपल्याकडे जुन्या गावाच्या पांढरीवरच नवं गाव बसतं. मुर्गाबच्या काठच्या मेर्वमध्ये तसं झालं नाही. पाणी सरकलं तसं शहर बाजूला सरकलं. एर्क-काला, ग्याउर-काला, सुलतान-काला अशी वेगवेगळ्या शतकांची शहरं तिथे मातीच्या तटांत एकमेकांशेजारी पडून आहेत. त्याहून जुनं गोनूर वाळवंटात आणखी आत आहे. मुर्गाबचं पाणी चार हजार वर्षांपूर्वी तिथवर पोचत होतं. पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून ते उकरून काढलं. तिथे सिंधू संस्कृतीची एक मुद्रा सापडली. तिच्यावर हत्ती आहे आणि वर सिंधू लिपीतली अक्षरं. कुणा व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून ती इतक्या दूर आली असेल. गोनूरचे वाडे मातीत गेले, मुठीत मावणारी मुद्रा तेवढी धड राहिली.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला याकूत अल-हमवी नावाचा ग्रंथवेडा भूगोलकार मेर्वमध्ये राहायला आला. त्याने लिहून ठेवलं आहे की शहरात दहा ग्रंथालयं होती, आणि ग्रंथपाल इतके उदार की त्याच्या घरी एका वेळी दोनशे-दोनशे ग्रंथ असत, तेही बहुतेक अनामत न ठेवता. पुस्तकांवर जीव असलेल्या कुणालाही हे वाचून गलबलून येईल. कारण 1221 मध्ये चंगीझखानाचा मुलगा तोलुई मेर्ववर चालून आला आणि ते शहर त्याने माणसांसकट संपवलं. याकूत त्याआधीच निसटला होता. त्याच्या अजस्र भूगोलकोशातलं कितीतरी त्या ग्रंथालयांतून टिपलेलं आहे. ग्रंथ जळाले, टिपणं वाचली.

तिथे अजून सुलतान संजारची कबर उभी आहे. काफिल्यांना एका दिवसाच्या वाटेवरून तिचा निळा घुमट दिसायचा म्हणतात. आता निळाई गेली आहे. हा संजार सेल्जूक घराण्यातला, म्हणजे मूळचा ओघुझ तुर्कच. आणि 1153 मध्ये त्याला हरवून कैद करणारे, मेर्व लुटणारे टोळीवालेही ओघुझच. आजचे तुर्कमेन या ओघुझांचे वंशज. म्हणजे तुर्कमेनांच्या लेखी शहर थोर करणारा तो आपला, आणि लुटणारेही आपलेच. मला या लोकांच्या इतिहासातली ही गुंतागुंत महत्त्वाची वाटते. ती सोडवून एकच बाजू उजळ करायला गेलं की गोष्ट खोटी होते.

ओघुझांच्या पश्चिमेकडे गेलेल्या शाखांतून काराकोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढीवाले तुर्कमेन, निपजले आणि तब्रिझचे धनी झाले. पंधराव्या शतकात त्यांची सत्ता मोडली आणि माणसं पांगली. त्यांच्यातला एक सुलतान कुली बिदरला बहामनी दरबारी आला आणि पुढे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा मूळ पुरुष झाला. अकबराचा पालक बैरामखान त्यांच्याच बहारलू कुळातला. त्याची तुर्की कविता तुर्कमेन आपली मानतात. त्याचा मुलगा अब्दुर्रहीम खानखाना 1595 मध्ये अहमदनगरला वेढा घालून बसला तेव्हा तटावर चांदबीबी उभी होती. आपण त्याला मोगल म्हणून मोकळे होतो. त्याच्या बापाची भाषा, त्याच्या कुळाचं नाव कुठल्या कुरणांतून आलं होतं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतं.

आता गालिच्याकडे येतो. खरं तर मला लिहायचं होतं ते त्याबद्दलच.

तुर्कमेन राहुटी म्हणजे लाकडी जाळीचा गोल सांगाडा, त्यावर नमदे. उभारायचं आणि उतरवायचं काम बायकांचं, आणि ते तासा-दोन तासांत उरकायचं. आत पेटी नाही, कपाट नाही, फडताळ नाही. दारावर विणलेला पडदा, तो ‘एन्सी’. जाळीच्या भिंतीला जोडीने टांगलेल्या रुंद पिशव्या, ते ‘चुवल’. त्यांत कपडे, धान्य, अंथरुणं. लहानसहान वस्तूंसाठी ‘तोरबा’. जमिनीवर मोठा गालिचा. म्हणजे भिंत, दार, कोठार, पलंग सगळं लोकरीचं, सगळं गाठी मारून विणलेलं, आणि सगळं उंटावर चढणारं. जे उंटावर चढणार नाही ते करायचंच नाही, एवढा एक नियम धरला तर या लोकांची सगळी कलाच उलगडते असं मला वाटतं. मागदेखील तसाच. जमिनीत खुंट्या ठोकून आडवा ताणलेला. मुक्काम हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धवट विणलेला गालिचा मागाच्या दांड्यांसकट गुंडाळायचा आणि पुढच्या पाण्यावर पुन्हा ताणायचा.

असाच एक जुना चुवल, म्हणजे त्याचा दर्शनी भाग, मी एका परिचितांकडे हाताळला आहे. गालिचा पाहावा तो उलटा करून. सुलट बाजूला मखमल दिसते, पाठीवर बाईचा हात दिसतो. प्रत्येक गाठ एकेका दाण्यासारखी वेगळी. चांगल्या टेके विणीत चौरस मीटरला दोन-चार लाख गाठी सहज भरतात. एक ओळ गाठींची, मग आडवा धागा, मग फणीने ठोकून घट्ट बसवणं, मग सुरी-कात्रीने लव कापणं. लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांचा, विटकरीपासून काळसर जांभळटापर्यंत जाणारा. निळा निळीचा, आणि नीळ मुलतानकडून काफिल्यांनी तिकडे जात असे. त्या चुवलावर खालच्या भागात लाल एकसारखा गडद होता, वर मात्र एका ओळीपासून तो किंचित उतरलेला. रंगवलेली लोकर संपली, नवी रंगवली, आणि तिथलं पाणी वेगळं होतं. कदाचित मधे मुक्काम हलला असेल. मी त्या ओळीवरून कितीदा बोट फिरवलं असेल! नक्षीचा कागद नाही, आकडे नाहीत. आईकडून मुलीकडे आलेली मोजणी तेवढी डोक्यात. आणि तरी ती अष्टकोनी ‘गुलं’ कोपऱ्याला कोपरा धरून बसलेली.

प्रत्येक टोळीचं गुल वेगळं. टेके, योमुत, सारिक, आरसारी, चोवदूर. जाणत्याला दुरून ओळखू येतं. वालेन्तिना मोश्कोवा या रशियन अभ्यासिकेने असं मांडलं की हरलेल्या टोळीला मोठ्या गालिच्यावर आपलं गुल विणायचा हक्क उरत नसे. ते मग चुवल-तोरब्यांसारख्या किरकोळ वस्तूंवर जगत राही. पुढच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतल्या आहेत. मला तरी ही कल्पना सोडवत नाही, कारण एकेकाळी मानाचं असलेलं सालीर टोळीचं गुल इतर टोळ्यांच्या पिशव्यांवर खरोखरच भेटतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटणारी वस्तू म्हणजे ‘अस्मालिक’. पंचकोनी, घराच्या आकाराची, खाली गोंड्यांची झालर, आणि नेहमी जोडीने. योमुतांकडे ती विशेष. नवरीचा उंट निघतो तेव्हा त्याच्या दोन्ही कुशींवर ती बांधतात. एका वाटचालीसाठी महिनोन्‌महिने गाठी मारायच्या! पुढे ती राहुटीत टांगून ठेवतात, पण तिचं काम त्या दिवसापुरतंच. चालत राहणाऱ्या लोकांना चालण्याचाही साज करावासा वाटला.

पण हेच लोक ‘आलामान’ला निघायचे. घोड्यांवरून इराणी गावांवर धाडी घालायचे, माणसं पकडून खिवा-बुखाऱ्याच्या बाजारात विकायचे. खुरासानातल्या शेतकऱ्यांनी आडोशासाठी शेतात बुरूज बांधले ते यांच्या भीतीने. आखाल-टेके घोड्याचं तेज, त्याच्या अंगावरची ती सोनेरी झाक, त्याची तहान सोसत लांब पल्ला गाठायची ताकद, हे सगळं लाखमोलाचं आहे. 1935 मध्ये स्वार अश्गाबातहून थेट मॉस्कोपर्यंत 84 दिवसांत पोचले ते अशाच घोड्यांवरून. पण त्या घोड्याची पैदास कशासाठी झाली होती हेही त्याच्याशेजारी लिहिलं पाहिजे.

धाडी मोडून काढणं हे कारण पुढे करत रशिया आला. आखालच्या टेक्यांनी ग्योकदेपे इथे मातीचा प्रचंड तट उभारला, आत बायकापोरांसकट राहुट्या ठोकल्या. जनरल स्कोबेलेव्हने तटाखाली सुरुंग लावला आणि जानेवारी 1881 मध्ये तो फोडला. आतले मेलेच, पण वाळवंटाकडे पळत सुटलेल्या हजारोंनाही घोडेस्वारांनी पाठलाग करून कापलं. मग लूट झाली आणि तिच्यात गालिचे निघाले. तीन वर्षांनी मेर्वच्या टेक्यांनी न लढता रशियाचं राज्य मान्य केलं. त्यांना तसं करायला लावण्यात नुरबेर्दी खानाची विधवा गुलजमाल हिचा मोठा हात होता. तिला कुणी भित्री म्हणावं असं मला वाटत नाही. तिने ग्योकदेपे ऐकलं होतं.

रेल्वे आली, त्याबरोबर गालिचे युरोपला निघाले. ते विकले जात बुखाऱ्याच्या नावाने, कारण व्यापार त्या पेठेतून चाले. आजही दुकानदार टेके गुलाची नक्षी उलगडून ‘बुखारा आहे’ म्हणून सांगतो. विणणारीचं नाव कधीच कुणी विचारलं नव्हतं. इथे टोळीचंही गेलं. पुढे सोव्हिएत काळात कळप सरकारजमा होऊ लागले तेव्हा कितीतरी कुटुंबं सीमा ओलांडून अफगाणिस्तानात गेली, आणि 1979 नंतर तिथूनही उठून पेशावरच्या बाजूच्या छावण्यांत आली. तिथेही माग लागले.

1948 च्या 6 ऑक्टोबरच्या रात्री अश्गाबात भूकंपाने जमीनदोस्त झालं. किती माणसं गेली हे सोव्हिएत सरकारने दाबून ठेवलं. अंदाज दहा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. लोक मेले ते जड मातीच्या छपरांखाली, भिंतींखाली. नमद्याच्या राहुटीखाली कुणी चिरडून मरत नाही. आज तेच शहर पांढऱ्या संगमरवरात उभं आहे, आणि अमू दर्याचं पाणी हजार किलोमीटरहून लांब कालव्याने वाळवंट ओलांडून तिथवर येतं. त्या पाण्याची किंमत अरल समुद्राने मोजली. देशाच्या झेंड्यावर मात्र त्यांनी पाच गुलं विणली आहेत, एकाखाली एक. जगात कुठल्या झेंड्यावर इतकी बारीक कलाकुसर असेल असं मला वाटत नाही, आणि ती बायकांच्या हातची आहे याचा मला आनंद होतो.

तुर्कमेनांना एक व्हा म्हणून सांगणारा अठराव्या शतकातला कवी मख्तुमकुली पिरागी धंद्याने चांदीचे दागिने घडवायचा. त्याची कबर आक-तोकाय इथे, म्हणजे आजच्या सीमारेषेने इराणात आहे. गेल्या शतकात तुर्कमेनिस्तानातल्या लोकांची लिपी अरबीतून रोमन, रोमनमधून रशियन आणि 1993 पासून पुन्हा रोमन झाली. इराणातले तुर्कमेन अरबी वळणाचीच लिपी लिहितात. म्हणजे आजीचं पत्र नातीला वाचता येत नाही आणि सीमेपलीकडच्या चुलतभावाचं दोघींनाही. मख्तुमकुली मात्र सगळ्यांना पाठ आहे, कारण तो मुळात कागदावरून आलाच नाही. बख्शी, म्हणजे तुर्कमेन गायक, तुतीच्या लाकडाचा दोन तारांचा दुतार घेऊन गावोगाव फिरले आणि लग्नाच्या मांडवात रात्र-रात्र त्याला गात राहिले. आक-तोकायला आजही तुर्कमेन जमतात, आणि आपापल्या लिपीतली पुस्तकं मिटून त्याच्या ओळी सोबत म्हणतात.