नानांचे घड्याळ

आमच्या कटंगीच्या घरी बैठकीत एक विजेचे घड्याळ आहे. आमचे थोरले बंधू नाना यांनी ते १९८२ साली स्वतः जोडले. घरातील विजेच्या सेकंदाला होणाऱ्या ५० आवर्तनांना आधी ५०ने, मग दोनदा ६०ने व शेवटी २४ने भागायचे, एवढेच त्याचे गणित; पण त्यासाठी डझनभर चिप्स व तारांचे जाळे लागले होते. नाना गेले आणि पाठोपाठ घड्याळही बंद पडले. पुन्हा डाख देत बसणे आमच्या डोळ्यांना झेपणारे नव्हते. तेव्हा सारे गणित एकाच प्रोग्रामेबल चिपमध्ये बसवावे, असे आम्ही ठरविले.

हिशेब मांडला. मोजणीसाठी २६ फ्लिपफ्लॉप व चार आकड्यांच्या सात-सात पट्ट्यांसाठी २८ घरे, एकूण ५४. झायलिंक्सच्या ‘एक्ससी ९५७२ एक्सएल’मध्ये ७२ घरे असतात, शिवाय ती पाच व्होल्टचा संकेतही सोसते. स्वस्त मिळाली, घेतली. मग ध्यानी आले की, तिच्यासाठी लागणाऱ्या ‘आयएसई’ प्रणालीची अखेरची आवृत्ती २०१३ सालची, विंडोज ७च्या काळातील आहे. या चिप्स बंद करीत असल्याचेही २०२४ साली जाहीर झाले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! शासकीय सेवेत खरेदीच्या प्रत्येक नस्तीवर ‘सुटे भाग मिळतील काय?’ असे आम्ही विचारीत असू; घरच्या खरेदीत मात्र विसरलो.

दुसऱ्या खेपेस आधी साधने पाहिली, मग चिप. लॅटिसच्या ‘आइस ४०’ चिप्सची अंतर्रचना ‘आइसस्टॉर्म’ प्रकल्पाने २०१५ साली उलगडून दाखविली. त्यामुळे तिच्यासाठी ‘योसिस’सारखी मुक्त साधने चालतात. परवाना लागत नाही, प्रत आपल्यापाशी राहते. उणिवा आहेतच. ती ३.३ व्होल्टची, म्हणून संकेत उतरवून द्यावा लागतो. वीज गेली की ती स्वतःचा आराखडा विसरते व शेजारच्या स्मृतिचिपमधून पुन्हा वाचून घेते. आम्ही त्या पत्करल्या.

कारण चिप बिघडली तर दुसरी आणता येते. साधन गेले तर आपणच केलेले काम आपल्याला दुरुस्त करता येत नाही. आमचा आराखडा व्हेरिलॉग भाषेत, साध्या मजकुरात आहे. तो छापून नानांनी हाताने काढलेल्या आकृतीशेजारी ठेवला आहे. पुढे ही चिपही मिळेनाशी होईल; तेव्हा घरातील कोणी तो वाचून दुसरीत उतरवील.

घड्याळ चालू झाले. वीज गेली की ते पूर्वीसारखेच शून्यावर येते आणि आमच्या वहिनी पूर्वीसारख्याच उठून ते लावतात.