ठाण्याच्या खाडीवरची चिवट हिरवाई

कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला जाताना आपण गाडीत काय काय करतो! मटार सोलतो, विणकामाचे टाके मोजतो, शेजारणीच्या साडीची किंमत विचारतो. पण भगिनींनो, एकदा धीम्या गाडीत खिडकीची जागा मिळालीच, तर कळवा सोडल्यावर जरा बाहेर बघा. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी ही खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. त्या खाडीच्या चिखलात उभी असलेली गर्द, बुटकी झाडं म्हणजे आपली खारफुटी. आपल्याला ती नुसतीच झुडपं वाटतात. पण तिथे जे निभावून नेलं जातं, ते आपल्या बागेतल्या एकाही लाडावलेल्या गुलाबाला जमायचं नाही.

काकडीला मीठ लावून ठेवलं की ताटलीत पाणी सुटतं, हे आपण रोज बघतो. मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. कुंडीतल्या तुळशीला समुद्राचं पाणी घालू लागलात, तर तीही अशीच माना टाकील. मग दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडणारी ही झाडं जगतात कशी?

ठाण्याच्या खाडीत सर्वांत जास्त आहे तो तिवर. त्याची मुळं पाणी आत घेतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवतात, अगदी आपल्या चहाच्या गाळणीसारखी! त्यातूनही जे आत शिरतं ते पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. उन्हाच्या वेळी पान हातात घेऊन पाहिलंत, तर त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतील. (जिभेला लावून बघायचा मोह मात्र टाळा. खाडीचं पाणी काही तितकं स्वच्छ नाही.) दुसरी अडचण श्वासाची. त्या चिकट चिखलात हवा कुठली? म्हणून झाडाभोवती जमिनीतून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी शेकडो मुळं वर आलेली असतात. ओहोटीला झाड त्यांतून श्वास घेतं.

आणि कांदळाचं कौतुक तर आपल्यालाच जास्त कळेल. त्याचं बी आईला सोडून जातच नाही! झाडावरच त्याला कोंब फुटतो, शेवग्याच्या शेंगेसारखा लांब होतो आणि पायावर उभं राहण्याइतकी ताकद आली की मगच लेक माहेर सोडते. खाली चिखल असला तर तिथेच रुजते, नाहीतर तरंगत दुसरा काठ गाठते.

आता हे सारं शहाणपण झाडाला आलं कुठून? आपण सहज म्हणतो, "परिस्थिती शिकवते." झाडांच्या बाबतीत परिस्थिती शिकवत नाही, ती निवडते. ज्यांना मीठ सोसलं नाही ती मेली, ज्यांना थोडंफार सोसलं त्यांची बी पुढे राहिली. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. खारफुटीला यासाठी लाखो वर्षं मिळाली.

पण वर्षभरातच जन्मून मरणाऱ्या रोपट्यांच्या पिढ्या भराभर होतात, त्यामुळे त्यांचा पालटही भराभर होतो. डोंबिवलीच्या कुठल्याही फरसबंदीच्या फटीत एकदांडी दिसेल, तिच्या बियांना कशा छोट्या छत्र्या असतात! फ्रान्समधल्या माँपेलिये शहरात अशाच एका रानफुलाला दोन तऱ्हांच्या बिया येतात, एक छत्रीने उडणारी आणि एक जड, जागच्या जागी पडणारी. फुटपाथवरच्या झाडांच्या आळ्यांत वाढणाऱ्या रोपांची उडणारी बी जाऊन पडते सिमेंटवर, म्हणजे फुकटच. तेव्हा जड बिया जास्त धरणाऱ्या रोपांचाच वंश तिथे वाढला. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली हे प्रसिद्ध केलं आणि एवढ्या बदलाला फक्त ५ ते १२ पिढ्या लागल्या असाव्यात, असा हिशेब मांडला.

आपल्या देशातलं उदाहरण पंजाब-हरियाणाचं. तिथे गव्हात गुल्ली-दंडा नावाचं तण माजतं. एकच तणनाशक वर्षानुवर्षं फवारलं आणि १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच शेतकऱ्यांच्या ध्यानात आलं, की औषध मारूनही तण डुलतंच आहे. झुरळांच्या औषधाचं आपल्या स्वयंपाकघरात होतं, अगदी तेच!

म्हणून तर खाडीतल्या झाडांची काळजी वाटते. तणाच्या पिढ्या वर्षाला पालटतात, तिवराच्या नाही. त्याच्या श्वासाच्या मुळांवर डबर टाकलं, प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, भरतीचं पाणी बांध घालून अडवलं, तर त्याला पालटायला सवड कुठली? ते गुदमरतं, बस्स. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ साली ती अधिक पक्की केली. तरी रात्रीत भराव पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि निर्माल्याची पिशवी गाठ मारून पुलावरून भिरकावणारे हात कुणाचे, हे काय सांगायला हवं?

बघायला जायचं असेल तर ठाण्याहून ऐरोलीची गाडी धरा. तिथे वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीतही स्थान मिळालं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत गुलाबी पक्ष्यांचे थवे असतात. बोट भरती पाहून सुटते, तेव्हा आधी चौकशी करा. श्वासाची मुळं बघायची तर मात्र ओहोटी हवी. त्याची वेळ घरच्या कॅलेंडरवर काढता येते. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, दहाच्या आगेमागे, ओहोटी. डबे भरून, घरातलं आवरून निघालात तरी वेळेवर पोहोचाल.