टाचेखालची गादी

आषाढी वारी आटोपून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा हजारो भाविक तिच्यासोबत पायी चालतात. त्यानंतरच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात टाचदुखीचे रुग्ण वाढतात. त्यांतील बरेच साठी ओलांडलेले असतात आणि काहींच्या पिशवीत मुलाने शहरातून पाठविलेली बुटात घालायची गादी, म्हणजे इनसोल, असते. “डॉक्टरसाहेब, ही घालूनही सकाळी पाय टेकवत नाही,” ही त्यांची तक्रार.

सकाळच्या पहिल्या पावलाला कळ, थोडे चालल्यावर उतार आणि दिवसअखेर पुन्हा ठणका, हे लक्षण बहुधा तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्याचे असते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेला हा पट्टा पायाची कमान तोलून धरतो. वयानुसार टाचेखालची चरबी विरळ होते, पोटऱ्या आखडतात आणि त्या पट्ट्यावर ताण येतो.

आपल्या घरांत चपला उंबऱ्याबाहेर राहतात. वृद्धांची बहुतांश पावले अनवाणी, कठीण फरशीवर पडतात. बाहेर जाताना तासभर वापरलेली महाग गादी तेथे कशी उपयोगी पडणार? म्हणून पहिली खरेदी घरात वापरायच्या चपलेची करावी: तळ जाड पण फार मऊ नसलेला, टाच किंचित उंच, मागे पट्टा, म्हणजे पाय घसरणार नाही. ती खाटेजवळ ठेवावी आणि पहिले पाऊल तिच्यातच टाकावे. त्याआधी अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा आकडे मोजावेत; असे दहा वेळा करावे.

इनसोल घ्यायचाच असेल, तर ओला पाय कागदावर उमटवून पाहा. संपूर्ण तळवा उमटला तर कमान सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी रेघ बारीक असेल तर कमान उंच. सपाट पायाला कमानीखाली घट्ट आधार हवा, उंच कमानीला मऊपणा अधिक हवा. खरेदी सायंकाळी करावी, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. बुटातील मूळ गादी काढून मगच नवी घालावी. अन्यथा बूट आवळतो. पहिल्या दिवशी तासभरच वापरून वेळ हळूहळू वाढवावा. साध्या टाचदुखीत माप घेऊन बनविलेला महाग इनसोल तयार इनसोलपेक्षा फार सरस ठरतो, असे संशोधनात आढळलेले नाही. पेन्शनचे पैसे जपून खर्चावेत.

मधुमेहींची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या पायाला दुखतच नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. घरच्यांनी ही तपासणी करावी: रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला बोटाने अलगद, क्षणभर स्पर्श करावा. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. अशा पायात स्वतःच्या मनाने इनसोल घालू नये. त्याची कड रुतली तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले. त्यांच्या तळव्यांवरील व्रण बधिर पायांवर सतत पडणाऱ्या दाबामुळे होतात, हे ओळखून तेथे सूक्ष्म छिद्रांच्या रबराची पादत्राणे तयार झाली. मधुमेहींना आज मिळणारी ‘एमसीआर’ चप्पल ही त्याच रबराची. तीही मापाचीच घ्यावी आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा, नाही तर सुनेला किंवा नातवाला हाक मारावी. त्यात संकोच नसावा.

टाचदुखी सहा आठवड्यांत उतरली नाही, पाय लाल होऊन सुजला, किंवा रात्री झोपेतही दुखू लागला, तर नवा इनसोल शोधत बसू नका. आपल्या डॉक्टरांकडे या.